हट्टामागची संवेदना शोधणाऱ्या डॉ. जीन एअर्स

गणवेशाच्या कॉलरमागची चिठ्ठी मानेला टोचते म्हणून रोज सकाळी रडून घर डोक्यावर घेणारे मूल, रांगेत मागच्याचा हात चुकून लागला तरी वळून फटका देणारे मूल, झोपाळ्यावर बसवताच घाबरून साखळीला घट्ट मिठी मारणारे मूल. अशी मुले जवळपास प्रत्येक शाळेत असतात. बुद्धीने ती कमी नसतात. डोळे तपासले, कान तपासले, तरी दोष सापडत नाही. मग ठपका येतो तो स्वभावावर. मूल हट्टी, आळशी, धांदरट किंवा उर्मट ठरते. पुढे हा ठपका घरच्या वळणावर, म्हणजे बहुतेक वेळा आईवर, जाऊन स्थिरावतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतही चित्र याहून वेगळे नव्हते. त्या काळात कॅलिफोर्नियातील एका व्यवसायोपचार तज्ज्ञ महिलेने प्रश्नाची दिशा बदलली. हे मूल असे का वागते, हे विचारण्याआधी या मुलाला स्पर्श, हालचाल आणि स्वतःचे शरीर नेमके कसे जाणवते, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली. डॉ. अ‍ॅना जीन एअर्स हे त्यांचे नाव. संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धान्त, म्हणजेच ‘सेन्सरी इंटिग्रेशन’, ही त्यांची देणगी. बालविकासाच्या क्षेत्रात हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो. त्यामागे असलेल्या बाईंचे नाव मात्र या क्षेत्राबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

जीन एअर्स यांचा जन्म १८ जुलै १९२० रोजी कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया येथे झाला. सॅन होआकिन खोऱ्यातील हा शेतीचा मुलूख. एअर्स कुटुंबाची अक्रोडाची शेती होती आणि जीन यांचे बालपण तिथेच गेले. पुढे ज्या मुलांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यासारख्याच शिकण्याच्या काही अडचणी लहानपणी त्यांनाही होत्या. या अडचणींचे भांडवल त्यांनी कधी केले नाही. त्यांचे लेखन वाचताना त्या मुलाकडे बाहेरून पाहत नाहीत, आतून पाहतात, असे मात्र वारंवार वाटते. त्याचे मूळ या बालपणात असावे.

१९४५मध्ये लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी व्यवसायोपचाराची पदवी घेतली. ‘व्यवसायोपचार’ हा मराठी शब्द थोडा फसवा आहे. त्याचा नोकरीधंद्याशी संबंध असावा, असे ऐकणाऱ्याला वाटते. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणसाला गुंतवून ठेवणारी, त्याच्या रोजच्या जगण्याला अर्थ देणारी कोणतीही कृती. कपडे घालणे, जेवणे, लिहिणे, सुतारकाम करणे, आणि लहान मुलाच्या बाबतीत खेळणे. आजार, इजा किंवा व्यंग यांमुळे या कृती अडल्या, की त्या कृतींच्याच साहाय्याने माणसाला पुन्हा उभे करायचे, हे या शास्त्राचे सूत्र. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनातून ते वाढले आणि दुसऱ्या महायुद्धाने त्याची गरज आणखी ठळक केली. आपल्याकडे ते फार उशिरा आले असेही नाही. मूळच्या अमेरिकन आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ १९५२मध्ये स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारताचाही समावेश होता.

एअर्स यांच्या कामाची सुरुवात मुलांपासून झाली नाही. त्यांचा १९४९मध्ये प्रसिद्ध झालेला लेख मनोरुग्णांविषयी होता. विजेचे झटके देऊन उपचार केलेल्या रुग्णांना कोणती हस्तकला द्यावी, त्या कलेत किती पायऱ्या असाव्यात, स्मरणशक्तीवर ताण किती पडावा, याचे त्यात विश्लेषण होते. रुग्णाच्या हाती विणकाम देऊन वेळ घालवायचा, एवढ्यावर त्या वेळी पुष्कळ ठिकाणी हा उपचार संपत असे. एअर्स यांना ते पुरेसे वाटत नव्हते. कृतीने माणूस बरा होत असेल, तर ती मेंदूत नेमके काय करते, हे समजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

याच विद्यापीठात मार्गारेट रूड या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार या दोन्ही शास्त्रांत तरबेज असलेल्या विदुषी होत्या. त्वचेला आणि स्नायूंना योग्य प्रकारे चेतवले, तर हालचाल सुधारते, अशी रूड यांची मांडणी होती. तिचा एअर्स यांच्यावर खोल प्रभाव पडला. १९५४मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. बाहू आणि हाताचे कार्य बाळपणापासून कोणत्या क्रमाने विकसित होते, स्नायू आणि सांध्यांतून मेंदूकडे जाणारे संदेश हाताच्या हालचालीला कशी मदत करतात, यावरचे त्यांचे लेख याच सुमाराचे आहेत. १९६१मध्ये त्यांनी शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे चाळिशी ओलांडल्यानंतर लॉस एंजेलिसमधीलच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेंदू संशोधन संस्थेत त्या पुन्हा संशोधक म्हणून दाखल झाल्या. रुग्णालयात हाताने काम करणाऱ्या व्यवसायातील एका स्त्रीने मज्जाशास्त्रज्ञांच्या दालनात जाऊन शिकावे, ही त्या काळी नित्याची बाब नव्हती.

१९६३ हे वर्ष या कहाणीत महत्त्वाचे. त्या वर्षी शिकागोतील एका परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ ही संज्ञा रूढ केली आणि बुद्धी असूनही शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांना प्रथमच एक नाव मिळाले. त्याच वर्षी अमेरिकी व्यवसायोपचारकांच्या संघटनेने एअर्स यांना एलिनॉर क्लार्क स्लेगल व्याख्यानाचा मान दिला. त्या व्यवसायातील हा सर्वोच्च शैक्षणिक सन्मान मानला जातो. संवेदना आणि हालचाल यांच्या विकासातील बिघाडावरच्या उपचारांना सैद्धान्तिक पाया कसा देता येईल, हा त्यांचा विषय होता. दोनच वर्षांनी, १९६५मध्ये, संघटनेचा गुणवत्ता पुरस्कारही त्यांना मिळाला.

त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये मारियान फ्रॉस्टिग यांच्या दृष्टिबोधाच्या कसोट्यांचा बोलबाला होता. मूल अक्षरे उलटी वाचते, आकृती नीट काढत नाही, तर त्याच्या दृष्टिबोधाचा सराव करून घ्यावा, असा एकंदर सूर होता. एअर्स यांनी खोलात जाऊन पाहिले. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाचा अर्थ लावण्याआधी मुलाला आपले शरीर कुठे आहे, जमीन कुठे आहे, आपण तोल सावरून आहोत की पडत आहोत, हे कळावे लागते. हे ज्ञान डोळे आणि कान देत नाहीत. ते तीन दुर्लक्षित मार्गांनी येते. त्वचेचा स्पर्श, स्नायू आणि सांध्यांतून मिळणारी शरीरस्थितीची जाणीव, आणि आंतरकर्णातील तोलाची संवेदना.

शाळेत आपण पंचेंद्रिये पाठ करतो. त्यात यांतला केवळ स्पर्श येतो, बाकीचे दोन मार्ग मोजलेच जात नाहीत. पण डोळे मिटूनही आपला हात घास घेऊन थेट तोंडाकडेच जातो, हे स्नायू-सांध्यांच्या संवेदनेचे काम. डोके झुकले, वळले किंवा वेगाने हलले, तर त्याची वर्दी आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका आणि त्यांच्या शेजारच्या पिशव्या मेंदूला देतात. या साऱ्या वर्द्या क्षणोक्षणी मेंदूत पोहोचत असतात. त्यांतील कोणती महत्त्वाची, कोणती दुर्लक्षण्याजोगी, कोणती कशाशी जोडायची, हे मेंदूला ठरवावे लागते. एअर्स यांनी या प्रक्रियेला संवेदनांचे एकात्मीकरण म्हटले. मज्जासंस्थेच्या एकात्म कार्याची कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६मध्येच मांडली होती. ती वर्गात अडखळणाऱ्या मुलापर्यंत आणून सोडली एअर्स यांनी. या जोडणीत बिघाड असेल, तर मूल शहाणे असूनही त्याचे वागणे-शिकणे विस्कळीत होते. चौकात पोलीस नसला, की गाड्या चांगल्या असूनही वाहतूक तुंबते, तसाच हा प्रकार.

१९६४मध्ये त्यांनी स्पर्शाविषयी एक लेख लिहिला. त्यांच्या सर्व लेखनात सामान्य पालकाला सर्वांत जवळचा वाटावा, असा हा विषय. काही मुलांना हलका, अनपेक्षित स्पर्श धोक्याच्या इशाऱ्यासारखा जाणवतो. केस विंचरणे, नखे कापणे, चेहरा पुसणे, लोकरीचा कपडा, पायाला लागणारी वाळू, कुणी प्रेमाने गालावरून फिरवलेला हात, यांतील काहीही त्यांना असह्य होते. त्वचा सांगते, ‘सावध हो’, आणि शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत येते. अशा मुलाचे चित्त सतत उधळलेले राहते, बसल्या जागी ते चुळबूळ करते, शेजाऱ्याला ढकलते. एअर्स यांनी या प्रकाराला ‘टॅक्टाइल डिफेन्सिव्हनेस’, म्हणजे स्पर्शापासून स्वतःचा बचाव करण्याची वृत्ती, असे नाव दिले आणि तिचा अतिचंचलपणाशी असलेला संबंध दाखवला. विशेष म्हणजे हीच मुले अनेकदा घट्ट मिठी किंवा जड पांघरूण सहज स्वीकारतात, कारण खोल दाबाची संवेदना मेंदूला शांत करणारी असते, असे त्यांनी मांडले. आईचा हात झिडकारणारे मूल आईला झिडकारत नसते, हा या साऱ्याचा पालकांच्या दृष्टीने अर्थ. त्या काळात तो लहानसहान दिलासा नव्हता.

तो का नव्हता, हे समजण्यासाठी काळ ध्यानात घ्यावा लागतो. १९६७मध्ये शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांचे स्वमग्नतेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, या समजुतीला मोठी प्रतिष्ठा मिळाली. अनेक मातांनी वर्षानुवर्षे हा आरोप मुकाट्याने वाहिला. मुलाच्या विचित्र वागण्याचे कारण आईच्या मनात न शोधता मुलाच्या मज्जासंस्थेत शोधणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये एअर्स होत्या. त्यांच्या सिद्धान्तातील तपशिलांवर पुढे कितीही वाद झाले असले, तरी या बाबतीत काळाने त्यांच्याच बाजूने कौल दिला.

नुसते निरीक्षण सांगून त्या थांबल्या नाहीत, मोजमापाच्या मागे लागल्या. हे काम अतिशय किचकट होते. डोळे झाकून हातावर कुठे स्पर्श झाला ते मुलाला दाखवता येते का, बोट कोणते हे ओळखता येते का, न पाहता हातातील वस्तूचा आकार सांगता येतो का, समोरच्याची शरीरस्थिती पाहून तशीच घेता येते का, एका पायावर किती वेळ उभे राहता येते, अशा कसोट्या त्यांनी एकामागून एक रचल्या, शेकडो मुलांवर घेतल्या आणि आलेल्या गुणांचे घटक-विश्लेषण केले. संगणक दुर्मीळ असण्याचा तो काळ. कोणत्या अडचणी एकत्र आढळतात, याचे आकृतिबंध त्यांनी १९६५पासून प्रसिद्ध केले. नव्या कृतीची आखणी करणे ज्याला जमत नाही अशा मुलाचा, म्हणजे डिस्प्रॅक्सियाचा, आकृतिबंध त्यांतला एक. बुटाची नाडी बांधणे, सदऱ्याची बटणे लावणे, दोरीवरच्या उड्या, ही इतरांना सहज जमणारी कामे या मुलाला दर वेळी पहिल्यापासून शिकल्यासारखी करावी लागतात. १९७२मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया सेन्सरी इंटिग्रेशन टेस्ट्स’ हा कसोट्यांचा संच आणि त्याच वर्षी ‘सेन्सरी इंटिग्रेशन अँड लर्निंग डिसऑर्डर्स’ हा ग्रंथ आला. तो तज्ज्ञांसाठी होता. पालकांसाठी सोप्या भाषेत लिहिलेले ‘सेन्सरी इंटिग्रेशन अँड द चाइल्ड’ हे पुस्तक १९७९चे. शास्त्रीय ग्रंथकर्त्याने पालकांना समजेल असे लिहिण्याचे कष्ट घ्यावेत, हे तेव्हाही विरळा होते आणि आजही आहे.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात एअर्स यांनी लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स येथे स्वतःचे चिकित्सालय सुरू केले. चिकित्सालय म्हटले की डोळ्यांसमोर येणारे टेबल, खुर्ची आणि औषधांचा वास यांच्याशी या जागेचे काही नाते नव्हते. छताला टांगलेले फळ्यांचे झोपाळे, जाळीची झोळी, आडव्या लोडासारखा झोका, उतरण, गाद्या, आणि चार चाके लावलेली एक बुटकी फळी. मूल या फळीवर पोटावर पालथे झोपून उतरणीवरून घसरत खाली येई. पाहणाऱ्याला हा निव्वळ खेळ वाटे. पण मान उचलून धरायची, हातपाय जमिनीपासून वर ठेवायचे, वेगाचा अंदाज घ्यायचा आणि समोरच्या अडथळ्यापाशी वळायचे, या सगळ्यात तोलाची, स्नायूंची आणि डोळ्यांची संवेदना एकाच वेळी एकमेकींना जोडली जात होती.

या उपचाराचा एक नियम एअर्स यांनी कसोशीने पाळला. मुलावर काहीही लादायचे नाही. कोणत्या साधनाकडे जायचे ते मूल ठरवील. चिकित्सकाने आव्हान असे बेतायचे, की ते फार सोपेही नको आणि हात टेकायला लावणारेही नको. प्रत्येक मुलाच्या आत शिकण्याची, वाढण्याची एक ओढ असते, यावर त्यांची श्रद्धा होती. चिकित्सकाचे कौशल्य ती ओढ जागी करण्यात आहे, असे त्या मानत. एखाद्या मुलाला खुर्चीत बसवून गरगर फिरवणे किंवा ठरावीक वेळाने अंगावर ब्रश फिरवणे म्हणजे आपली पद्धत, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. मूल स्वतः हेतुपूर्वक प्रतिसाद देते तेव्हाच मेंदू संघटित होतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा आहे. पुढे त्यांच्या नावावर जे काही खपवले गेले, त्यातील पुष्कळ गोष्टी या एका कसोटीवर बाद होतात.

मुलाच्या मनःस्वास्थ्याचा विचारही येथूनच येतो. ज्याचे शरीर त्याचे ऐकत नाही, ते मूल खेळात शेवटचे निवडले जाते, वर्गात हसू होते आणि हळूहळू स्वतःला कमी लेखू लागते. मग ते खेळायलाच जात नाही, विदूषकी चाळे करते किंवा आधीच भांडण उकरून काढते. हा दुसरा थर पहिल्यापेक्षा अधिक दुखावणारा असतो, हे एअर्स जाणून होत्या. झोपाळ्यावर तोल सावरता आला, याचा आनंद त्यांच्या लेखी कसोटीतील गुणांइतकाच मोलाचा होता. मनोरुग्णांच्या क्षेत्रातही त्यांच्या विचारांचा पडसाद उमटला. १९७४मध्ये लॉर्ना जीन किंग या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी याच विचारावर आधारलेली पद्धत मांडली.

स्वमग्न मुलांकडे एअर्स वळल्या त्या उत्तरायुष्यात. १९८०मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह अवघ्या १० स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पर्श आणि हालचालीला जी मुले तीव्र प्रतिसाद देत होती, त्यांना उपचाराचा लाभ अधिक झाला. संवेदनांची ज्यांना दखलच नव्हती, त्यांना कमी. दहा मुलांवरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, हे खरे. पण उपचार सर्वांना लागू पडतो असा दावा न करता तो कोणाला लागू पडेल, हे शोधण्याची त्यांची रीत येथे दिसते.

टीकाकारही कमी नव्हते. फिरत्या पाटावर मुलाला २० सेकंदांत १० वेळा फिरवायचे आणि थांबल्यावर त्याची बुबुळे किती वेळ मागेपुढे होतात ते मोजायचे, अशी एक कसोटी त्यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केली होती. ही हालचाल ज्यांच्यात लवकर थांबते, अशा अध्ययन-अक्षम मुलांना आपल्या उपचाराचा विशेष उपयोग होतो, असे त्यांनी १९७८मध्ये मांडले. उजेडाच्या खोलीत मूल समोरच्या वस्तूवर नजर रोखून ही हालचाल थांबवू शकते, मग मोजले ते आंतरकर्णाचे कार्य कशावरून, असा रास्त आक्षेप त्यावर आला. घटक-विश्लेषणांबाबतची शंका याहून गंभीर होती. दर अभ्यासात तेच आकृतिबंध पुन्हा मिळतात का, हा प्रश्न त्यांच्या हयातीत पुरता सुटला नाही. १९९१मध्ये त्यांच्या सर्व विश्लेषणांची फेरतपासणी झाली, तेव्हा उत्तर प्रतिकूल आले. एअर्स यांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की नवी आकडेवारी आली की आपली मांडणी बदलण्यास त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. १९७२ची वर्गवारी आणि १९८०च्या दशकातील वर्गवारी शेजारी ठेवली, तर हे लगेच लक्षात येते.

अखेरची वर्षे त्यांनी कर्करोगाशी झुंजत काढली. पती फ्रँकलिन बेकर यांची त्यांना साथ होती. या काळात त्यांनी हाती घेतलेले काम मात्र तरुण संशोधकालाही दमवणारे होते. जुन्या कसोट्यांची संपूर्ण फेरमांडणी करून १७ कसोट्यांचा नवा संच त्या तयार करीत होत्या. चार वर्षांपासून नऊ वर्षांच्या आतील सुमारे दोन हजार मुलांवर त्याचे प्रमाणीकरण झाले. ‘सेन्सरी इंटिग्रेशन अँड प्रॅक्सिस टेस्ट्स’ या नावाने हा संच १९८९मध्ये प्रकाशित झाला. १६ डिसेंबर १९८८ रोजीच, वयाच्या ६८व्या वर्षी, डॉ. एअर्स यांचे निधन झाले होते. छापील संच त्यांना पाहता आला नाही.

त्यांच्यामागे त्यांच्या सिद्धान्ताची कठोर परीक्षा सुरू झाली. १९९४मधील एका समीक्षेने हा उपचार अध्ययन-अक्षम मुलांसाठी निरुपयोगी असल्याचाच निर्वाळा दिला. १९९९मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. जुन्या अभ्यासांत दिसणारा परिणाम नव्या अभ्यासांत विरून जातो, आणि इतर उपचारांच्या तुलनेत हा उपचार सरस ठरत नाही, असे त्यात आढळले. २०१२मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, हा उपचार व्यापक योजनेचा भाग म्हणून घेण्यास हरकत नाही, पण त्याच्या परिणामकारकतेचे पुरावे तोकडे आहेत हे पालकांना सांगावे, अशी सूचना केली. यावर एअर्स यांच्या अनुयायांचे उत्तर असे, की तपासल्या गेलेल्या अनेक उपचारांना एअर्स यांचे नाव असले तरी त्यात त्यांची तत्त्वे पाळलेलीच नव्हती. म्हणून २०११मध्ये उपचार खऱ्या अर्थाने एअर्स यांच्या पद्धतीचा आहे की नाही, हे तपासण्याचे मोजमाप प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०१४मध्ये ३२ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीत, पालकांनी ठरवलेली रोजच्या जगण्यातील उद्दिष्टे उपचार घेतलेल्या मुलांनी अधिक गाठल्याचे दिसले. पण २०२२मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधील १३८ मुलांच्या मोठ्या चाचणीत, मुलांची चिडचिड व अस्वस्थता यांबाबत नेहमीच्या सेवांपेक्षा विशेष फरक पडला नाही. वाद मिटलेला नाही.

उपचाराचे असे असले, तरी निदानशास्त्राने त्यांच्या निरीक्षणाला मान्यता दिली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली. त्यात आवाज, स्पर्श, वेदना अशा संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद, हे स्वमग्नतेच्या निकषांमध्ये प्रथमच स्पष्टपणे समाविष्ट झाले. संवेदनांच्या प्रक्रियेतील दोष हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवण्याची मागणी मात्र याच आवृत्तीच्या वेळी मान्य झाली नाही.

आज जड गोधड्या, चावायच्या माळा, रंगीत दिव्यांच्या खोल्या अशा असंख्य वस्तू ‘सेन्सरी’ या विशेषणासह बाजारात विकल्या जातात. मुंबई-पुण्यातील बालविकास केंद्रांतही छताला टांगलेले झोपाळे आणि गाद्या आता अपरिचित नाहीत. येणारा खर्च बहुतांशी पालकांच्याच खिशातून जातो, त्यामुळे पुराव्यांचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ विद्वानांच्या चर्चेचा उरत नाही. आपल्या मुलाची तपासणी कोणी केली, उद्दिष्ट काय ठरले, किती आठवड्यांनी ते पुन्हा मोजले जाणार, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. स्वतः एअर्स यांच्या चिकित्सालयात मोजमाप आधी आणि झोपाळा नंतर, असाच क्रम होता.

त्यांच्या लेखनातील एक भाग त्यांच्या पश्चात उजेडात आला. संवेदनांच्या अशाच अडचणी असलेल्या आपल्या एका भाच्याला त्या पत्रे लिहीत असत. कसोट्या, आकडे आणि मज्जातंतूंची नावे यांत गढलेल्या या संशोधिकेने त्या मुलाला त्याच्या मेंदूत काय चालले आहे, हे धीर देत समजावले होते. ही पत्रे ‘लव्ह, जीन’ या नावाने २००४मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या लेखकांमध्ये जीन एअर्स यांच्या बरोबरीने त्या भाच्याचेही नाव आहे.